दारापासून मोज

उजळाईवाडी, कोल्हापूर
२० सप्टेंबर २००७

प्रिय बसवेश,

प्रिय लिहिलंय ते शाळेत बाईंनी पत्र असंच सुरू करायला शिकवलं म्हणून. त्याच्यात फार काही शोधत बसू नकोस. पत्र बघून तुला नवल वाटेल. घरात फोन असताना आक्काला हे काय सुचलं, गिरणी बंद पडली की काय, असं बायकोला, सुष्मिताला म्हणशील. गिरणी चालू आहे. फोनही चालू आहे, माझ्या समोरच आहे, त्याच्यावर आव्वानं विणलेला रुमाल घातलाय. फोन का केला नाही त्याला कारण आहे आणि ते मी माझ्या सवडीनं सांगणार. तू ऐकून घ्यायचंस. फोनवर तू ऐकत नाहीस. तुझ्या मागं कुठलं तरी यंत्र वाजत असतं आणि तू नुसता हं-हं करत असतोस. पत्राला हं-हं करता येत नाही.

रविवारी आव्वाशी काय बोललास ते तुझ्या ध्यानात तरी आहे का? मी शेजारी उभी होते, तुझा आवाज बाहेर ऐकू येत होता. शिकागोहून आता थेट दिल्लीला विमान आहे, मधे कुठं उतरायला नको, असं म्हणालास. मग म्हणालास, मी परत कॉम्प्युटरवर अंतर काढून बघितलं आव्वा, तू काळजी करू नकोस, काय झालं तर दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. आव्वानं तेवढं ऐकलं आणि रिसीव्हर खाली ठेवून दिला. तुला वाटलं असेल लाइन कट झाली. कट झाली नव्हती. तिनं ठेवला.

काय झालं तर. ह्या तीन शब्दांनी चार दिवस माझं डोकं ठिकाणावर नाही. दळण टाकताना ज्वारीत गहू मिसळले, बायकांची बोलणी खाल्ली. अरे, तू हे अंतर मोजतोस ते कशासाठी? आव्वाला भेटायला यायला किती वेळ लागतो हे एकदा तरी मोजलंस का? दिवाळीला जावं, तिच्या हातची पोळी खावी, म्हणून कधी त्या कॉम्प्युटरपुढं बसलास का? तुझी सगळी मोजणी सख्ख्या आईच्या मरणाची. ती गेली तर मी किती वेळात पोचतो, हे तू त्या जित्याजागत्या बाईला फोनवर सांगतोस आणि वर तिनं खूश व्हावं असं तुला वाटतं. सांगायची लाज नाही तर नाही, निदान ऐकणारीची तरी काही वाटायची.

हे विमानाचं खूळ तुझं जुनं. आपलं शेत विमानतळाच्या तारेला लागून, तिथंच तू बिघडलास. नव्वद सालची गोष्ट असेल, तू शाळेत होतास, आप्पांनी तुला वैरण आणायला पाठवावं आणि तू तारेला नाक लावून उभा. तिथं विमान तरी कुठं रोज यायचं. कधी महिन्या-दोन महिन्यात एखादं मंत्र्याबिंत्र्याचं छोटं विमान उतरायचं, बाकी वेळ धावपट्टीवर गवत आणि टिटव्या. तेवढ्यावर तू आप्पांना सांगायचास की आप्पा, मी मोठा झालो की इथंच उतरणार, तुम्ही शेतातनं हात करा. आप्पा हसायचे आणि खरं धरायचे. गिरणीत आलेल्या प्रत्येक बाईला सांगायचे. बसवेश पहिल्यापासून त्यांचा देव्हाऱ्यातला, मी आपली गिरणीतली. ते जाऊ दे, त्याचं मला आता काही वाटत नाही असं मी लोकांना सांगते.

मग तू इंजिनियर झालास, अमेरिकेला गेलास, आणि दोन हजार तीनच्या डिसेंबरात तो लॅपटॉप घेऊन आलास. सोप्यात मांडी घालून बसलास, आप्पांना शेजारी घेतलंस. म्हणालास, हे बघा आप्पा, इथं एक विमानतळ टाकायचं, इथं दुसरं टाकायचं, आणि हे दाबायचं. तू शिकागो टाकलंस. दुसरीकडं मुंबई टाकली असतीस तर निदान खोट्यात थोडं खरं झालं असतं. पण तुला ऐट मिरवायची होती. तू कोल्हापूर टाकलंस. त्या कॉम्प्युटरवरच्या पानाला काय माहीत उजळाईवाडीला टिटव्या आहेत की विमानं. त्यानं आपली एक रेघ ओढली आणि सांगितलं, तेरा हजार आणि वर काहीतरी किलोमीटर, विमानानं सोळा तास. आप्पांनी विचारलं, रेघ वाकडी का रे? तू म्हणालास, पृथ्वी गोल आहे, वाकडी दिसते पण सरळ तीच आहे. आप्पांना ते इतकं आवडलं की विचारू नकोस.

तू परत गेल्यावर त्यांनी गिरणीत एक तांबडा भोपळा आणून ठेवला. दोरा घ्यायचे, एक टोक देठापाशी, एक बुडाकडं, आणि दळणाला आलेल्या बायकांना दाखवायचे. ह्ये शिकागो, ह्ये उजळाईवाडी. दोरा ताणला की कसा ह्या अंगानं जातोय बघा. वाकडा दिसतोय खरं सरळ हाय. सोळा तासात पोरगं दारात. बयाबाई म्हणायची, आप्पा, माझा जावई निपाणीवरनं यायला त्याच्यापरास जास्त वेळ लावतोय की वो. मग आप्पांनी गिरणीच्या पत्र्याच्या दारावर, जिथं कुणाचा डबा कुणाच्या मागं ते खडूनं लिहितात, तिथं वरच्या बाजूला मोठ्ठं लिहून ठेवलं, शिकागो सोळा तास. भोपळा शेवटी नासला म्हणून आव्वानं म्हशीला घातला. खडूचं तसंच राहिलं.

आता पुढचं तुला माहीत आहे असं तुला वाटतं. तुला काही माहीत नाही. तू तेव्हा हवेत होतास.

आप्पा गेले ते मे महिन्यात, दिवेलागणीला, गिरणीत बसल्या जागी. बयाबाईचं पीठ पडत होतं, ती समोर होती, तिनंच हाक मारली. मी तुला फोन लावला. तुझ्याकडं सकाळ होती. तू रडलास. रडलास त्याच्याबद्दल मी काही बोलत नाही. रडून झाल्यावर म्हणालास, आक्का, मी निघतोय, मी येईपर्यंत थांबा. मी तुला विचारलं होतं, बसवेश, आठवून बघ. मी विचारलं, सोळा तास ना रे? आणि तू म्हणालास, हो, तेवढेच, थोडं इकडंतिकडं. तू एका जगप्रसिद्ध कंपनीत इंजिनियर, तुला ठाऊक होतं ती रेघ नुसती कागदावरची आहे, मधे उतरायचं आहे, विमान बदलायचं आहे, मुंबईला उतरून रात्रभराचा रस्ता आहे. आणि तिकीट अजून काढायचं आहे. तरी तू हो म्हणालास. एवढंच बोलायचं होतं की नाही आक्का, तो नुसता अंदाज होता, मला दोन दिवस लागतील, तुम्ही आप्पांना घेऊन जा. ते तुझ्या तोंडातनं आलं नाही, कारण तुला आम्हाला थांबवून ठेवायचं होतं. मुलाशिवाय बाप मातीला गेला असं कुणी म्हणायला नको होतं तुला.

तिकडं राहून विसरला असशील म्हणून लिहिते. आपल्या लिंगायतांत माणूस गेलं की अंग मऊ आहे तोवर त्याला बसवतात. मांडी घालून, पाठ भिंतीला टेकवून, कपाळाला विभूती, तळहातात इष्टलिंग. मग तसंच मखरात बसवून नेतात आणि तसंच मातीत बसवतात. पूजेला बसल्यासारखं. नेसरीकडनं आजोबा इथं आले तेव्हापासून आपल्या घरचा प्रत्येक माणूस असाच गेला आहे, आपल्याच शेतात. आप्पांनी आपली जागासुद्धा दाखवून ठेवलेली, तारेपासून जरा अलीकडं, आंब्याखाली.

ईरप्पाकाका म्हणाले, पोरगं सोळा तासात येतंय, हे गावाला पाठ आहे. खरं मे महिना आहे, बसवून ठेवलं तर सोळा तास टिकायचं नाही. बर्फावर आडवं ठेवू, उद्या पोरगं आलं की त्याच्याच हातानं बसवू. काकांना पापी म्हणता येत नाही. त्यांनी तुझ्यासाठीच केलं. मठाच्या स्वामींनी दोनदा विचारलं, बसवायचं न्हाई का आत्ता? आव्वानं दारावरच्या खडूकडं बघितलं आणि म्हणाली, बसवेश येईल, त्यो बसवंल. मग बर्फाच्या लाद्या आल्या, खाली भुसा, वर बारदान, आणि आप्पांना सरळ आडवं ठेवलं. पाणी सोप्यातनं अंगणात वाहत होतं आणि आव्वा फडक्यानं टिपत होती.

सकाळी भावकी जमली. शेतावरच्या जोतीरामनं खड्डा काढून ठेवला होता, बसण्याजोगा, आत कोनाडा, बेलाची पानं, विभूती, सगळं तयार. दहा वाजल्यापासून लोकं शेतात तारेला जाऊन उभी राहिली. तुला हसू येईल. वर बघत होती रे. मान दुखेपर्यंत. सोळा तास झाले की ह्या आभाळातनं आप्पाचं पोरगं उतरणार, असं त्यांना आप्पांनीच सांगितलं होतं आणि आप्पांना तू सांगितलं होतंस. आणि त्या दिवशी खरंच एक विमान आलं. लहानसं, पांढरं. घरघर ऐकून आव्वा उठली. ती रात्रीपासून बसून होती, उठली, पदर सारखा केला, केस मागं घेतले. मला म्हणाली, चल, त्यो एकटा हाय, त्याला कोण हाय तिथं? आम्ही बांधावरनं चालत तारेपर्यंत गेलो. विमानातनं चार पांढऱ्या कपड्यांची माणसं उतरली, मोटारीत बसली आणि गेली. आव्वा तारेला धरून उभी होती. एक मोटार गेटातनं बाहेर पडली तेव्हासुद्धा तिनं आत वाकून बघितलं.

घरी आलो तर फोन वाजत होता. तू. फ्रँकफर्टला उतरलो आत्ताच, पुढचं विमान दुपारी आहे, मुंबईला मध्यरात्री पोचेन, तिथनं टॅक्सी करतो. थांबा. हे दुसऱ्यांदा थांबा. काकांनी माझ्या हातातनं फोन घेतला आणि ठेवला.

मग स्वामी म्हणाले आता बसवू. बसेनात. रात्रभर सरळ ठेवलेले, बर्फावर, गुडघे वाकेनात. काकांनी एका बाजूनं धरलं, तुझ्या दाजींनी एका बाजूनं. जोर लावायला लागले तशी आव्वा आत आली. स्वामींनी हात धरला. म्हणाले, मोडू नका. शिवाच्या दारात आडवा आला म्हणून कुणाला हाकलत न्हाईत. चांगलं बोलले. म्हातारा माणूस, चांगलंच बोलणार. पण आव्वाच्या तोंडाकडं मी बघितलं. जोतीराम फावडं घेऊन परत खड्ड्यात उतरला, खड्डा लांब करायला. आम्ही सगळे आप्पांना खाली ठेवून उभे. वर ऊन, खाली बर्फाचं पाणी गळतंय, आणि जोतीराम आमच्याकडं न बघता माती काढतोय. ते फावड्याचं वाजणं आव्वाला अजून ऐकू येतं. गिरणी चालू असताना येत नाही म्हणते. म्हणून मी गिरणी कामापेक्षा जास्त चालू ठेवते, आणि लाइटबिलावरनं तुझे दाजी बोलतात ते ऐकून घेते.

तू दुसऱ्या दिवशी सकाळी आलास, आंब्याखाली जाऊन पालथा पडलास, मातीत हात घातलेस. सगळी रडली तुझ्याबरोबर. मीही रडले. आणि मग उठून, हात झटकत, सगळ्या भावकीपुढं काकांना विचारलंस, एवढी घाई कसली होती? हे तुझे शब्द. एवढी घाई कसली होती. आव्वा आंब्याच्या पलीकडं उभी होती, तुला दिसली नाही. काकांनी पटका सारखा केला आणि ते घराकडं चालायला लागले. मी तेव्हाच तुझ्या थोबाडीत मारायला पाहिजे होती. माणसं होती म्हणून वाचलास.

तू परत गेलास त्या दिवशी आव्वानं ओलं फडकं घेतलं आणि गिरणीच्या दारावरचं सोळा तास पुसून काढलं. त्याच्या खालचे डब्यांचे नंबरही पुसले गेले, बायका भांडल्या. त्यानंतर तीन वर्षं झाली. इथं कायम राहायचे कागद अडकलेत, आता निघालो तर परत घेणार नाहीत, असं तू म्हणतोस. असेल बाबा. तुमचे कागद मोठे. पण कागद अडकलेले असताना माणूस मेलं तर येता येतं आणि जितं असताना येता येत नाही, हा कायदा मला कुणीतरी समजावून द्या. रविवारी तूच म्हणालास की, काय झालं तर दुसऱ्या दिवशी दारात. म्हणजे यायला येतं.

आता फोन का नाही ते सांगते. आव्वाचं हृदय थकलंय. उन्हाळ्यापासून पायाला सूज आहे, चार पावलं चालली की धाप लागते. तुला कुणी सांगितलं नाही, कारण तिनं सांगू दिलं नाही. फोनवर ती बसूनच बोलते म्हणून तुला ठणठणीत वाटते. शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात मला बाजूला घेऊन सांगितलं की दसरा बघतील, दिवाळीचं मला विचारू नका. आव्वाला मी काही बोलले नाही, पण तिला कळलंय. त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी पाटावर मांडी घालून बसते. सुजलेले पाय दुमडत नाहीत, हातानं ओढून दुमडते, मी धरायला गेले की हात झटकते. इष्टलिंग तळहातावर घेते आणि बसून राहते. मला वाटायचं पूजा वाढवली. परवा म्हणाली, सवय करालोय, त्या वक्ताला पाय ऐकाय पायजेत. जोतीरामला बोलावून आंब्याखालची जागा दाखवलीय, आप्पांच्या शेजारची. म्हणाली, ह्येंचं तसं झालं, माझं तसं करू नका. मला बसवा. लगीच बसवा.

रविवारी तुझा फोन ठेवला आणि तिनं माझा हात धरून इष्टलिंगावर ठेवून घेतला. बसवेशला फोन करायचा न्हाय. माती पडंपर्यंत न्हाय. कळलं तर त्यो थांबा म्हणंल आणि तुम्ही थांबशीला. मी शपथ घेतली आहे, आणि मी ती मोडणार नाही. आव्वा जाईल त्या दिवशी तुला फोन येणार नाही. ती तासाभरात बसलेली असेल, आणि तू कॉफी पीत असशील. फोनची शपथ तिनं घातली, पत्राचं तिनं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. म्हणून हे पत्र. उद्या मुख्य पोस्टात जाऊन टाकते. तुला पोचायला दहा-बारा दिवस लागतात, म्हणजे तुझ्या हातात पडेल तेव्हा दसऱ्याला जेमतेम अडीच-तीन आठवडे असतील. अजून ती बसते, बोलते, रविवारी फोनची वेळ झाली की रुमाल काढून ठेवते आणि तुझ्या नावानं बोटं मोडत फोनपाशी बसते. यायचं असेल तर त्या बाईकडं ये, आंब्याकडं येऊ नकोस. कॉम्प्युटर उघडू नकोस, शिकागोचं विमानतळ आणि कोल्हापूरचं विमानतळ टाकू नकोस. तुझ्या दारापासून मोज, आमच्या दारापर्यंत. आणि निघालास तर फोन करून थांबा म्हणू नकोस. ह्या वेळी कुणी थांबणार नाही.

तुझीच, दुसऱ्या कुणाची होता येत नाही म्हणून,
रुद्राणी आक्का